व्हर्जिनिया विद्यापीठ, बास्केटबॉल हंगाम २०१८-१९: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा हंगाम नेमका कोणता, आणि निकाल काय लागला?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष संघाने २०१८-१९ मध्ये ३८ सामने खेळून ३५ जिंकले, ३ हरले, आणि ८ एप्रिल २०१९ रोजी मिनियापोलिसमध्ये टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असं हरवून एनसीएए स्पर्धा, म्हणजे अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली. या संघाचं ते पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद. प्रशिक्षक होते टोनी बेनेट, २००९ पासून याच संघाबरोबर.

मग लोक सगळ्यात आधी २०१८ च्या पराभवाबद्दलच का बोलतात?

कारण तसा पराभव त्याआधी कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. स्पर्धेत देशाचे चार विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागातल्या संघांना १ ते १६ अशी मानांकनं देतात. पहिल्या फेरीत १ विरुद्ध १६ अशी जोडी असते. पुरुषांच्या स्पर्धेत २०१८ पर्यंत अशा १३५ सामन्यांत १६ वं मानांकन असलेला संघ एकदाही जिंकला नव्हता. १६ मार्च २०१८ ला व्हर्जिनिया ३१-२ अशी कामगिरी घेऊन, देशातला सर्वोच्च मानांकित संघ म्हणून उतरला आणि मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेकडून ५४-७४ असा हरला. मध्यंतराला गुण २१-२१ होते. दुसऱ्या सत्रात प्रतिस्पर्ध्यांनी ५३ गुण कुटले.

डीआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हता, हे खरं. पण वीस गुणांचा फरक एका खेळाडूच्या नावावर टाकता येत नाही.

त्या पराभवाचं तांत्रिक कारण काय होतं?

दोन कारणं, आणि दोन्ही बेनेट यांच्या पद्धतीतूनच येतात.

पहिलं म्हणजे संथ गती. बास्केटबॉलमध्ये चेंडू आपल्या ताब्यात आल्यापासून तो जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक पझेशन. बहुतेक कॉलेज संघ एका सामन्यात साधारण ७० पझेशन खेळतात, व्हर्जिनिया ६० च्या आसपास. समजा तुम्ही समोरच्यापेक्षा दर पझेशनला ०.२ गुणांनी सरस आहात. ७५ पझेशनमध्ये तुमची अपेक्षित आघाडी १५ गुणांची होते, ६० मध्ये १२ ची. आघाडी तर घटतेच, शिवाय नशिबाचे चढउतार सपाट व्हायला कमी संधी उरते. नाणं दहादा उडवलं तर सात छापे सहज येतात, शंभरदा उडवलं तर सत्तर येणं जवळपास अशक्य. सरस संघाने सामना छोटा करणं म्हणजे स्वतःच्याच पायावर थोडा धोंडा पाडून घेणं.

दुसरं कारण तीन गुणांचे फटके. व्हर्जिनियाचा बचाव आतली जागा बंद करतो आणि बाहेरून फेकायला थोडी मोकळीक देतो. त्या रात्री समोरच्यांनी २४ पैकी १२ थ्री-पॉइंटर टाकले. आणि पिछाडी भरून काढायची सवयच नसलेल्या संथ संघाला दहा गुणांची पिछाडीही वीससारखी वाटते.

म्हणजे पुढच्या वर्षी बेनेटनी पद्धत बदलली?

नाही. लोकांना वाटतं तितकी तर मुळीच नाही. २०१८-१९ मध्येही डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च गटाच्या, ३५३ संघांत व्हर्जिनियाच सर्वांत संथ होता, आणि सामन्यामागे जेमतेम ५६ गुण देत होता. बचाव तोच, गती तीच. बदलली ती आक्रमणाची धार. आधीच्या संघांना बचाव तारायचा. या संघात मात्र तीन गडी बाहेरून नेम साधणारे होते आणि गुण करायला ते कुणावर अवलंबून नव्हते. दर पझेशनमागचे गुण मोजले तर हा संघ आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही यादींत देशातल्या पहिल्या पाचांत होता. संथ खेळायचं असेल तर प्रत्येक पझेशनला मोल हवं. २०१९ मध्ये ते होतं.

संघात कोण कोण होतं?

काइल गाय: बाहेरून फेकणारा गार्ड (रिंगपासून लांब खेळणारा), सामन्यामागे १५ च्या वर गुण, तीन गुणांच्या फटक्यांत ४२ टक्क्यांहून अधिक यश. (हो, आडनाव ‘गाय’च. हसून घ्या, पुढे ते बऱ्याचदा येणार आहे.)

डीआंद्रे हंटर: उंच, लांब हातांचा फॉरवर्ड. गार्डपासून सेंटरपर्यंत (रिंगखाली खेळणारा सर्वांत उंच गडी) कुणालाही अडवू शकायचा. त्या वर्षी प्रशिक्षकांच्या संघटनेने त्यालाच सर्वोत्तम बचावपटू ठरवलं.

टाय जेरोम: खेळ चालवणारा. सामन्यामागे साडेतेरा गुण आणि पाचहून अधिक असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास. घाई नावाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

यांच्याबरोबर गिनी देशातून आलेला मामादी डियाकिते, न्यूझीलंडचा धिप्पाड सेंटर जॅक सॉल्ट, अलाबामा विद्यापीठातून आलेला ब्रॅक्स्टन की, उंच असूनही अलगद नेम साधणारा जे हफ, आणि पहिल्याच वर्षाला असलेला किहेई क्लार्क. क्लार्कची उंची नोंदीत ५ फूट ९ इंच. पूर्ण मैदानभर चेंडूवाल्याच्या अंगाला चिकटून राहणं हे त्याचं काम.

‘रेडशर्ट’ म्हणजे काय? हंटरबद्दल हा शब्द सारखा येतो.

कॉलेज खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. एखादं वर्ष सराव आणि शिक्षण चालू ठेवून सामने न खेळता काढलं, तर तो हंगाम खर्ची पडत नाही. यालाच रेडशर्ट म्हणतात. हंटर, हफ आणि डियाकिते या तिघांनीही पहिलं वर्ष असंच काढलं होतं. बेनेट यांचा बचाव अंगात मुरायला वेळ लागतो, म्हणून हे वर्ष व्हर्जिनियात वाया गेलं असं कुणी मानत नाही. अनेक मोठ्या कॉलेजांत खेळाडू एक वर्ष खेळून एनबीए या व्यावसायिक लीगकडे निघतात, तिथे हे जमत नाही.

हंगामात जे तीन सामने हरले, ते कसे?

दोन ड्यूक विद्यापीठाकडून, एक फ्लोरिडा स्टेटकडून.

संघ सलग १६ सामने जिंकून १९ जानेवारीला ड्यूकच्या मैदानावर गेला आणि ७०-७२ ने हरला. ड्यूकच्या आर. जे. बॅरेटने ३० आणि झायन विल्यमसनने २७ गुण केले. व्हर्जिनियाचे १७ पैकी फक्त ३ थ्री-पॉइंटर पडले. ९ फेब्रुवारीला घरच्या मैदानावर ७१-८१. तो सामना जाणकारांनी जरूर अभ्यासावा. ड्यूक त्या वर्षी बाहेरून फेकण्यात सुमार संघ होता. अशांना आत येऊ द्यायचं नाही आणि बाहेरून खुशाल फेकू द्यायचं, हा हिशेब बरोबरच होता. पण ड्यूकने २१ पैकी १३ टाकले. हिशेब बरोबर असूनही सामना हरता येतो. फक्त त्यानंतर घाबरून हिशेबच बदलायचा नसतो, आणि व्हर्जिनियाने तो बदलला नाही. दोनच दिवसांनी नॉर्थ कॅरोलायनाला त्यांच्याच घरी जाऊन ६९-६१ असं हरवलं.

तिसरा पराभव अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, म्हणजे व्हर्जिनिया ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्याच्या, बाद फेरीत, उपांत्य सामन्यात, ५९-६९. साखळीत मात्र १६-२ अशी कामगिरी करून नॉर्थ कॅरोलायनासोबत पहिलं स्थान वाटून घेतलं होतं.

‘पॅक-लाइन’ बचाव म्हणजे काय?

टोनी बेनेट यांचे वडील डिक बेनेट यांनी तो ग्रीन बेच्या विद्यापीठात प्रशिक्षक असताना घडवला. बचाव माणूस-माणूस पद्धतीचाच आहे, झोन (जागा वाटून घेण्याचा) नाही. फरक उभं राहण्याच्या जागेत आहे. रिंगपासून १६ फुटांवर एक काल्पनिक कमान धरायची. ज्याच्या माणसाकडे चेंडू आहे तो एकटाच कमानीबाहेर जाऊन दबाव टाकतो. बाकी चौघे कमानीच्या आत. आपला माणूस कोपऱ्यात एकटा दिसला तरी त्याच्या अंगाला चिकटायला जायचं नाही.

कबड्डीत चढाईवाल्याला आत येऊ देतात आणि मग साखळी त्याच्याभोवती मिटते. भाव तसाच आहे. ड्रिबल करत घुसणाऱ्याला दोन बचावपटूंमधली फट मोठी वाटते, पण पाऊल टाकेपर्यंत ती मिटलेली असते.

बारकावे मात्र बरेच आहेत:

चेंडूवाल्याला बेसलाइनच्या (रिंगमागच्या सीमारेषेच्या) बाजूने वाट द्यायची नाही, कारण मदत मधे उभी आहे. पास हवेत असतानाच पाचही जणांनी सरकायचं, चेंडू समोरच्याच्या हातात पडल्यावर नाही. कमानीतून बाहेर झेपावताना, म्हणजे क्लोजआउट करताना, पहिलं दोन-तृतीयांश अंतर धावत आणि उरलेलं छोट्या पावलांनी, हात वर ठेवून. पूर्ण वेगात गेलात तर समोरचा एक हूल देऊन निघून जातो. खाली पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या जागेत, चेंडू गेला की दुसऱ्या उंच खेळाडूने लगेच दुहेरी वेढा घालायचा. चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लागला, म्हणजे त्याच्या सहकाऱ्याने आडवं उभं राहून बचावपटूची वाट अडवली, की स्क्रीन लावणाऱ्याच्या बचावपटूने दोन-तीन पावलं आडवं बाहेर येऊन चेंडूवाल्याला लांबचा वळसा घ्यायला लावायचा आणि झटकन परतायचं. आपला फटका रिंगकडे निघाला की दोघांनी तरी मागे धाव घ्यायची. आक्रमणातला रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा परतलेला चेंडू) हातचा गेला तरी चालेल, झटपट प्रतिहल्ल्यात सोपे गुण देणं नको.

आणि आक्रमण कसं होतं?

मुख्य पद्धत ‘मूव्हर-ब्लॉकर’. दोघे ब्लॉकर आपापल्या पट्ट्यात उभे राहून एकामागून एक स्क्रीन लावतात, तिघे मूव्हर त्यांच्याभोवती फिरत राहतात. मूव्हर म्हणजे गाय, जेरोम, हंटर किंवा क्लार्क. ठरलेला मार्ग नाही. बचावपटू मागे राहिला तर बाहेर वळायचं, पुढून आला तर रिंगकडे कापायचं. या मोसमात त्यात चेंडूवाल्यासाठीच्या स्क्रीनचा वापर वाढवला गेला, त्यामुळे जेरोमच्या हाती निर्णय आले. ४ मार्चला सिरॅक्यूसविरुद्ध ७९-५३ असा विजय मिळाला, त्यात संघाने १८ थ्री-पॉइंटर टाकले.

एनसीएए स्पर्धेचा प्रवास सामन्यागणिक सांगा.

गार्डनर-वेब ७१-५६. ओक्लाहोमा ६३-५१. ओरेगन ५३-४९. पर्ड्यू ८०-७५ (जादा वेळ). ऑबर्न ६३-६२. टेक्सास टेक ८५-७७ (जादा वेळ).

आकडे सोपे दिसतात, पण पहिल्याच सामन्यात, म्हणजे पुन्हा १ विरुद्ध १६ मध्ये, संघ १४ गुणांनी मागे होता आणि मध्यंतरालाही सहाने. पुढच्या सामन्यांत मैदानावरची मिनिटं सॉल्टकडून डियाकितेकडे वळली. तो सॉल्टपेक्षा चपळ होता.

पर्ड्यूविरुद्धचा तो शेवटचा फटका कसा घडला?

पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स त्या दिवशी आवरत नव्हता: ४२ गुण, १० थ्री-पॉइंटर. पॅक-लाइनची हीच दुखरी नस आहे. ड्रिबल करत मागे सरकून लांबून फेकणाऱ्याविरुद्ध चौघांच्या मदतीचा काही उपयोग होत नाही, त्याच्यासमोर एकच बचावपटू असतो.

५.९ सेकंद उरलेले, पर्ड्यू ७०-६७ ने पुढे. पर्ड्यूने मुद्दाम जेरोमला फाउल केला, म्हणजे तीन गुणांचा फटका मारताच येऊ नये. डाव शहाणपणाचा होता. जेरोमने पहिला फ्री थ्रो टाकला, दुसरा चुकला. डियाकितेने गर्दीतून चेंडू मागे टोलवला, तो थेट स्वतःच्या अर्ध्या मैदानात गेला. क्लार्क धावला, चेंडू उचलला, आणि जेरोम मोकळा दिसत असूनही लांबवर उभ्या डियाकितेकडे पास फेकला. डियाकितेने पकडला आणि लगेच सोडला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. ७०-७०. पहिल्याच वर्षाच्या मुलाने घेतलेला हा निर्णय आमच्या मते सबंध मोसमातला सर्वांत मोलाचा.

ऑबर्नविरुद्ध पंचांनी व्हर्जिनियाला जिंकवलं, हे खरं का?

अर्ध्या तक्रारीला जागा आहे, अर्ध्या नाही.

व्हर्जिनियाने मोठी आघाडी घालवली होती. ऑबर्न सलग १४ गुण करून ६१-५७ पुढे गेला. गायने कोपऱ्यातून तीन गुण घेतले, मग ऑबर्नचा एक फ्री थ्रो: ६२-६०. त्यानंतर जेरोमच्या हातून चेंडू निसटला, त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा ड्रिबल सुरू केला. चित्रफितीत तो दुहेरी ड्रिबल स्पष्ट दिसतो. पंचांनी दिला नाही, आणि नियमाप्रमाणे त्याची फेरतपासणीही करता येत नाही. इथे ऑबर्नच्या चाहत्यांची तक्रार रास्त आहे.

पुढचा फाउल मात्र खरा. गायने कोपऱ्यातून फटका मारला तेव्हा बचावपटू त्याच्या पायांखाली आला. उडालेल्या खेळाडूला खाली उतरायला जागा द्यावीच लागते. ०.६ सेकंद शिल्लक, तीन फ्री थ्रो. गायने दोन टाकले, ऑबर्नने त्याला विचार करायला लावण्यासाठी टाइम-आउट घेतला, तिसराही पडला.

अंतिम सामन्यात निर्णायक काय ठरलं?

हंटर. पहिल्या सत्रात ५ गुण, पुढे २२, एकूण २७. शिवाय टेक्सास टेकचा मुख्य खेळाडू जॅरेट कल्वर याला मुख्यतः त्यानेच अडवलं. कल्वरचे २२ पैकी ५ च फटके पडले. टेक्सास टेक ६८-६५ ने पुढे असताना जेरोमने घुसून बचाव आत ओढला आणि कोपऱ्यातल्या हंटरला पास दिला. बारा-तेरा सेकंद उरलेले. तीन गुण, बरोबरी. वेळ संपता संपता कल्वरचा फटका ब्रॅक्स्टन की याने अडवला.

जादा वेळेत टेक्सास टेक ७३-७० असा पुढे होता. फरक एका गुणावर आला, आणि हंटरने पुन्हा तीन गुणांचा फटका मारून व्हर्जिनियाला ७५-७३ असं पुढे नेलं. जादा वेळेत व्हर्जिनियाने मिळालेले १२ पैकी १२ फ्री थ्रो टाकले. दमलेल्या पायांनी बाराच्या बारा टाकणं कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा, तो कान पकडेल. गायने २४ गुण केले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

अमेरिकन कॉलेजचे नियम आपल्यापेक्षा वेगळे आहेत का?

हो. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ सामन्यांत फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम असतात: १० मिनिटांचे चार भाग, फटक्यासाठी २४ सेकंद. एनसीएएच्या पुरुष सामन्यात २० मिनिटांची दोन सत्रं आणि ३० सेकंद. पाच वैयक्तिक फाउलला बाहेर, हे दोन्हीकडे सारखं. कॉलेजमध्ये समोरच्या संघाचा सत्रातला सातवा फाउल झाला की ‘वन अँड वन’ मिळतो: पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. त्या मोसमात तीन गुणांची रेषा २० फूट ९ इंचांवर होती. पुढच्याच वर्षी ती फिबाच्या ६.७५ मीटरवर नेली.

खेळाडूंना पैसे मिळत होते का?

तेव्हा फक्त शिष्यवृत्ती, संघात जास्तीत जास्त १३. नाव आणि प्रतिमा वापरून कमाई करायची मुभा जुलै २०२१ पासून मिळाली. मोसमात सराव आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त घेता येत नाही.

नंतर या लोकांचं काय झालं?

२०१९ च्या एनबीए निवडीत हंटर चौथ्या, जेरोम २४ व्या आणि गाय ५५ व्या क्रमांकावर गेला. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही. २०२१ मध्ये व्हर्जिनिया पहिल्याच फेरीत ओहायोकडून ५८-६२ ने हरला. विजेतेपदानंतर देऊ केलेली मोठी पगारवाढ बेनेटनी नाकारली आणि ते पैसे सहकाऱ्यांवर व विद्यापीठाच्या बास्केटबॉल उपक्रमावर खर्च करायला सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, ते निवृत्त झाले.

आमच्या कॉलेजच्या संघाची गती कशी मोजायची?

स्कोअरशीट पुरते. मारलेले फटके, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४७५. उदाहरणार्थ ५२ फटके, ८ रिबाउंड, ९ गमावलेले चेंडू, १५ फ्री थ्रो: ५२ − ८ + ९ + ७.१ = साधारण ६० पझेशन. मग गुण भागिले पझेशन. एकापेक्षा जास्त आलं तर ठीक चाललंय. दोन्ही संघांचं मोजा, दोन्हींत एक-दोनपेक्षा जास्त फरक आला तर नोंदणाऱ्याने कुठेतरी डुलकी घेतली आहे.

पॅक-लाइन आपल्या मैदानावर चालेल का?

चालेल, पण एक अडचण आधीच ओळखा. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. तेव्हाची कॉलेजची रेषा ६.३२ मीटरवर होती, म्हणजे क्लोजआउटचं अंतर १.४४ मीटर. आपली रेषा ६.७५ वर, म्हणजे १.८७ मीटर. जवळजवळ अर्धा मीटर जास्त धावायचं. समोर चांगले फेकणारे असतील तर कमान फूटभर बाहेर न्या.

कमान आखायला रिंगच्या मध्याखाली, बेसलाइनपासून १.५७५ मीटरवर, दोरीचं टोक दाबून धरा, दुसऱ्या टोकाला खडू बांधा, ४.८८ मीटरची दोरी ताणून अर्धवर्तुळ काढा. ते फ्री थ्रो रेषेच्या साधारण ६५ सेंटीमीटर पुढून जायला हवं. तसं गेलं नाही तर रिंग सरळ नाही किंवा मैदानाची आखणी चुकली आहे. सिमेंटच्या मैदानावर दोन्ही शक्यता असतात. हॉलमध्ये खडूऐवजी कागदी चिकटपट्टी वापरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बॅडमिंटनवाले येऊन बोलतात.

सुरुवात चार विरुद्ध चारने करा, ड्रिबल बंद, फक्त पास. प्रत्येक पासला ‘थांब’ म्हणा आणि कोण कुठे उभा आहे ते बघा. चेंडूवाल्याचा बचावपटू सोडून कुणाचाही पाय खडूबाहेर असेल तर पुन्हा. हे जमलं की ड्रिबल सुरू करा, मग स्क्रीन, आणि शेवटी पोस्टमधला दुहेरी वेढा. क्रम उलटा केला की मुलं वेढा घालायला शिकतात आणि मागे उघडा राहिलेला माणूस विसरतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कमानीत उभं राहून फक्त चेंडू बघणं. आपला माणूस पाठीमागून कापून रिंगखाली जातो आणि पोरगा अजून चेंडूकडेच बघत असतो. म्हणून एक हात चेंडूकडे, एक आपल्या माणसाकडे, आणि मान सतत हलती. दुसरी चूक चेंडूवाल्याच्या समोरच्याची: मागे चौघे आहेत म्हणून तो सैल पडतो. त्याने हातभर अंतरावरून दबाव सोडला की समोरचा निवांत नेम धरतो, आणि मग कमानीतल्या चौघांनी फक्त रिबाउंडची वाट बघायची.